चार टक्क्यांची अढी : सिलिकॉन, जर्मेनियम आणि न दिसणारा प्रकाश

मिरजेतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात १९८०च्या दशकात मी हाताखालचा पोऱ्या म्हणून लागलो. तिथे बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात जुने ट्रान्झिस्टर साठवलेले असत. त्यांतला ओसी ७१ माझ्या विशेष लक्षात राहिला. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी आणि वरून काळा रंग. एकदा माझ्या हातून त्याचा रंग खरवडला गेला, आणि ज्या रेडिओत तो बसवला तो ट्यूबलाइटखाली ठेवला की गुणगुणू लागला. पंचाखाली झाकला की गप्प. उस्ताद म्हणाले, "काळा रंग उगाच नाही दिलेला. त्याला उजेड दिसतो." पुढे वाचनात आले, की मुलार्ड कंपनी याच जातीचा ट्रान्झिस्टर प्रकाश ओळखणारा म्हणून ओसीपी ७१ या नावाने चढ्या दराने विकत असे, आणि इंग्लंडमधले हौशी लोक स्वस्तातला ओसी ७१ आणून त्याचा रंग खरवडत.

काही वर्षांनी तो डबा भंगारात गेला. "आता सगळं सिलिकॉन. जर्मेनियम संपलं," असा निकाल उस्तादांनी दिला, आणि तो मी जवळजवळ वीस वर्षे खरा मानला. इलेक्ट्रॉनिक्सचा लोकप्रिय इतिहासही असाच लिहिला जातो. जुने कागद आणि शोधनिबंध वाचता वाचता तो निकाल मला बदलावा लागला.

जर्मेनियम जन्मले तेच सिलिकॉनच्या नात्याने. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आवर्त सारणीतल्या रिकाम्या घरांसाठी भाकिते केली, तेव्हा सिलिकॉनच्या खालच्या घराला त्याने 'एकासिलिकॉन' असे नाव दिले. त्यातला 'एक' आपला, संस्कृतातला. अणुभार ७२च्या आसपास असेल, असे त्याने सांगितले होते. १८८६ मध्ये जर्मनीत फ्रायबर्ग येथे क्लेमेन्स विंकलर आर्गिरोडाइट या खनिजाचे पृथक्करण करत होता. सगळे घटक मोजूनही बेरीज शंभराला सहा-सात टक्के कमी पडत होती. ती तूट म्हणजेच हे मूलद्रव्य. अणुभार भरला ७२.३.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला, तो जर्मेनियमचा. पण तापमान वाढले की जर्मेनियममधून नको असलेला प्रवाह झिरपू लागतो. मे १९५४ मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरी एका परिषदेत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या गॉर्डन टील यांनी तबकडी वाजवणाऱ्या यंत्रातला जर्मेनियम ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवून दाखवला. गाणे बंद पडले. मग तिथे सिलिकॉनचा लावून बुडवला. गाणे चालूच राहिले. इतका नाट्यमय पराभव दुसऱ्या कुठल्या मूलद्रव्याच्या वाट्याला आला नसेल! शिवाय सिलिकॉनवर चढणारा ऑक्साइडचा थर टणक आणि उत्तम विद्युतरोधक असतो, तर जर्मेनियमचा पाण्यात विरघळतो. चिप बनवण्याची सगळी विद्या त्या टणक थरावर उभी राहिली.

सिलिकॉनला एक गोष्ट मात्र जमत नव्हती. अर्धवाहकात बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला ठरावीक ऊर्जा लागते : सिलिकॉनमध्ये १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, जर्मेनियममध्ये ०.६६. प्रकाशाची तरंगलांबी वाढते तशी त्याच्या कणाची ऊर्जा घटते. म्हणून सुमारे १.१ मायक्रॉनपलीकडे सिलिकॉन आंधळे. तो प्रकाश त्यातून काचेतून जावा तसा आरपार जातो. टीव्हीच्या रिमोटचा अवरक्त प्रकाश साधारण ०.९४ मायक्रॉनचा, तो सिलिकॉनला दिसतो. त्यामुळे या आंधळेपणाचे कोणाला काही वाटले नाही.

वाटू लागले ते काचतंतूमुळे. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये सांगितले, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश दूरवर जातील. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी १.५५ मायक्रॉनच्या प्रकाशासाठी किलोमीटरला फक्त ०.२ डेसिबल घट असलेला तंतू बनवला. म्हणजे पंधरा किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक. काच ज्या रंगाला सर्वाधिक वाट देते, नेमका तोच सिलिकॉनला दिसत नाही. गंमत म्हणजे त्या तंतूच्या गाभ्यातही जर्मेनियमचा ऑक्साइड मिसळलेला असतो.

मग सिलिकॉनच्या चिपवर जर्मेनियमचा थर चढवला की झाले! इथेच सगळे अडले. दोघांची स्फटिकरचना एकच, कोणत्याही प्रमाणात ते एकमेकांत मिसळतात, पण घराचे माप वेगळे. सिलिकॉनचे ५.४३ अँगस्ट्रॉम, जर्मेनियमचे ५.६६. फरक सुमारे चार टक्के. आमच्या शेजारच्या इचलकरंजीतल्या मागावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल : जिथे सिलिकॉनची २५ घरे बसतात तिथे जर्मेनियमची २४च मावतात. प्रत्येक पंचविसावा धागा लोंबकळतो. सुरुवातीचे काही थर दबून, अंग चोरून बसतात. जाडी वाढली की ताण सहन होत नाही आणि स्फटिकात भेगांसारखे दोष धावत वर जातात. त्या दोषांतून अंधारातही प्रवाह झिरपतो. उजेड आला की नाही, हे मग कसे ओळखायचे?

सिलिकॉन-जर्मेनियमचे पातळ, आलटूनपालटून थर १९७५ मध्ये जर्मनीत एरिक कास्पर आणि सहकाऱ्यांनी वाढवले. १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या लुर्यी, कास्टाल्स्की आणि बीन यांनी मिश्रणाचे प्रमाण पायरीपायरीने वाढवत वर शुद्ध जर्मेनियम बसवले आणि सिलिकॉनच्या चिपवर अवरक्त शोधक मिळाल्याचे जाहीर केले. झिरप मात्र फार होती. दोन वर्षांनी तिथल्याच टेमकिन आणि मंडळींनी दुसरी वाट धरली : थर ताणलेलेच राहू द्यायचे, पातळ ठेवायचे, आणि १.३ मायक्रॉनचा प्रकाश वरून न टाकता कडेने आत सोडायचा, म्हणजे त्याला लांब अंतर चालावे लागेल आणि वाटेत तो शोषला जाईल. ही युक्ती मला आजही सर्वांत देखणी वाटते.

उतार देण्याची पद्धत सुधारत गेली, पण एका मायक्रॉनमागे दहाएक टक्केच जर्मेनियम वाढवायचे म्हटले की शुद्ध जर्मेनियमपर्यंत पोचायला दहा मायक्रॉन जाडी लागते. चिपवर एवढी माडी कोण चढवणार? १९९९ मध्ये एमआयटीत लुआन, किमरलिंग आणि सहकाऱ्यांनी सरळ उपाय मांडला. आधी साधारण ३५० अंशांवर अगदी पातळ थर, मग ६०० अंशांवर जाड थर, आणि शेवटी तो स्फटिक ९०० आणि ७८० अंशांमध्ये पुन्हापुन्हा तापवायचा-निववायचा. दोष सरकत सरकत एकमेकांना भेटतात आणि मिटतात. लोहार पाते तापवून निववतो, त्याचीच आठवण झाली.

आणि नंतर एक अनपेक्षित लाभ दिसला. थंड होताना जर्मेनियम सिलिकॉनपेक्षा जास्त आकसू पाहते, पण खालचा सिलिकॉन त्याला आकसू देत नाही. सुमारे ०.२ टक्के ताण राहून जातो. त्या ताणाने त्याची दृष्टी १.५५ मायक्रॉनच्या थोडी पलीकडे सरकते. ज्या बेबनावाने तीन दशके छळले, त्याने जाता जाता एवढे दिले. २००८च्या अखेरीस इंटेलच्या गटाने जर्मेनियम आणि सिलिकॉन यांचा मिळून असा शोधक प्रसिद्ध केला, ज्यात प्रकाश जर्मेनियम टिपते आणि त्यातून आलेला क्षीण प्रवाह सिलिकॉन वाढवते.

इथे अतिशयोक्ती नको. काचतंतूच्या दूरसंचारात प्रकाश टिपण्याचे काम बव्हंशी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड हे महागडे मिश्रण करत आले आहे, आणि गुणवत्तेत ते पुष्कळदा सरसच ठरते. जर्मेनियमचे बळ एवढेच, की ते सिलिकॉनच्या कारखान्यात, त्याच चिपवर वाढवता येते. म्हणून प्रचंड संगणककेंद्रांच्या आतल्या जोडण्यांमध्ये ते शिरले.

उस्तादांच्या डब्यातला तो खरवडलेला ओसी ७१ मी तेव्हाच खिशात टाकला होता. गेल्या एप्रिलमध्ये ओळखीचा, काचतंतू जोडण्याचे काम करणारा मुलगा तपासणीचा १.५५ मायक्रॉनचा प्रकाशस्रोत घेऊन घरी आला. आधी सिलिकॉनचा फोटोडायोड समोर धरला. मीटरची सुई हलली नाही. मग ओसी ७१ जोडला. अंधार करूनही सुई शून्यावर बसेना. उन्हाळा होता, जुना दोष झिरपत होता. पंखा त्याच्याकडे वळवून आम्ही थोडा वेळ थांबलो, मग तंतूचे टोक काचेजवळ नेले. सुई सरकली. बाजूला केले, परतली. त्या मुलाने तीनदा करून पाहिले आणि विचारले, "काका, हा अजून मिळतो का कुठे?"