सॉपविथ डॉल्फिन : एका लढाऊ विमानाची कुळकथा

मी लासलगावचा रहिवासी. आमच्या निफाड तालुक्यातच ओझर आहे, आणि तेथे १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना उभा आहे. कांद्याच्या लिलावाच्या गलबल्यातही आकाशात घरघर झाली की लहानथोरांच्या माना आपोआप वर होतात. मुले मला विचारीत, ‘गुरुजी, उडणे अवघड की उतरणे?’ या प्रश्नाचे उत्तर मला पुढे पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात सापडले. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

त्या महायुद्धात सॉपविथ कंपनीने ‘डॉल्फिन’ नावाचे एक लढाऊ विमान तयार केले. हर्बर्ट स्मिथ हे त्याचे रचनाकार. मे १९१७ मध्ये त्याचे प्रथम उड्डाण झाले आणि १९१८ च्या आरंभापासून ते फ्रान्सच्या रणभूमीवर लढू लागले. एकोणिसावी, तेविसावी, एकोणऐंशीवी व सत्त्याऐंशीवी या चार तुकड्यांनी तेथे ते वापरले. वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित मागे, ही त्याची ठेवण इतर विमानांच्या अगदी उलट होती. त्यामुळे प्रारंभी मित्रपक्षाच्याच वैमानिकांनी त्याला शत्रूचे विमान समजून त्यावर हल्ले केले! पाण्याने थंड होणारे २०० अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा यंत्र, ताशी सुमारे १३० मैलांचा वेग आणि फार उंचावरही न ढळणारी शक्ती, हे त्याचे गुण. यंत्राच्या दातेरी चक्रांची कुरकुर मात्र शेवटपर्यंत पुरती शमली नाही.

परंतु त्याचा खरा विशेष बैठकीत होता. वरच्या पंखाच्या मध्यभागी एक उघडी चौकट ठेवलेली असे आणि चालकाचे मस्तक त्या चौकटीतून पंखाच्या वर निघे. शत्रू वरून झडप घालतो, म्हणून वरची दृष्टी मोकळी हवी, हा हेतू योग्यच होता आणि तो उत्तम साधला. पण जो गुण आकाशात, तोच भूमीवर भयाचे कारण झाला. त्या काळच्या विमानाला पुढे दोन चाके व शेपटीखाली एक लाकडी टेकू असे. उतरण्याची जागा म्हणजे गवताचे उघडे मैदान. चाक चिखलात वा खड्ड्यात रुतले की पुढच्या जड यंत्राच्या भाराने विमान नाकावर आपटे आणि प्रसंगी पाठीवर उलटे पडे. इतर विमानांत वरचा पंख चालकाच्या डोक्यावर ढालीसारखा असे. येथे मस्तकच प्रथम भूमीला लागावयाचे. म्हणून काही डॉल्फिनांवर पोलादी नळ्यांची कमान बसवीत. वर रोखलेल्या दोन बंदुका चौकटीशी जोडलेल्या असत. त्या हिसक्याने चालकाच्या तोंडावर येत आणि अपघातात घातक ठरण्याची भीती असे, म्हणून बहुतेक वैमानिकांनी त्या काढून टाकल्या. पुढे अनुभवाने हे भय वाजवीपेक्षा अधिक होते असे दिसून आले.

या विमानाशी आपले नाते काय, असे आपण विचाराल. तेविसाव्या तुकडीत डॉल्फिन उडविणारा एक तरुण मुंबईचा होता. त्याचे नाव श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकलेला हा तरुण, हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद मिळणे अत्यंत दुर्मीळ असलेल्या काळात, वैमानिक अधिकारी झाला. २७ जून १९१८ रोजी तो गस्तीवर गेला आणि परतला नाही. तो जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला आणि तीनच दिवसांनी, ३० जून रोजी, कैदेत त्याचा अंत झाला. फ्रान्समधील हँगार गावच्या लष्करी दफनभूमीत तो चिरनिद्रा घेत आहे. त्याच्या नशिबी परत उतरणे नव्हते.

दुसरा तरुण बंगालचा, इंद्रलाल रॉय. त्याचे विमान निराळ्या जातीचे, एस.ई.५ए. ६ नोव्हेंबर १९१७ रोजी, आघाडीवर येऊन फार दिवस झाले नसताना, उतरतानाच त्याचे विमान आदळले. त्याला उपचारासाठी इंग्लंडला पाठविले आणि वैद्यकीय दृष्ट्या अपात्रही ठरविले. आजारपणात तो कागदावर विमानांची चित्रे रेखाटीत बसे. त्याने हट्टाने पुन्हा परवानगी मिळविली आणि जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आतबाहेर दहा विजय मिळविले. २२ जुलै रोजी तो धारातीर्थी पडला. वय अवघे एकोणीस! पुढे मरणोत्तर पदकाने त्याचा गौरव झाला.

युद्ध संपले. एकंदर सुमारे दोन हजार डॉल्फिन बांधली गेली होती, पण शांतता होताच ती झपाट्याने मोडीत निघाली. लंडनच्या हवाईदल संग्रहालयात जुन्या अवशेषांपासून पुन्हा जुळविलेले एक डॉल्फिन आज पाहावयास मिळते. विमान टिकले ते असे. माणसे टिकली ती केवळ शिळेवरच्या अक्षरांत. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी हवाईदलाची स्थापना झाली, तेव्हा या तरुणांना जाऊन चौदा वर्षे लोटली होती. परंतु हिंदी तरुणाला यंत्र आवरत नाही हा आक्षेप त्यांनी आपल्या प्राणांनी आधीच खोडून काढला होता.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच, की उडणे अवघड, उतरणे त्याहून अवघड, आणि उतरताना आदळल्यावर पुन्हा उडावयास सिद्ध होणे सर्वांत अवघड. शाळेत नापास झालेल्या मुलाला मी इंद्रलालची गोष्ट सांगत आलो आहे. वेलिणकराची मात्र फारशी कोणी सांगत नाही. आपण आपल्या घरी ती एकदा सांगावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.