जालियनवाला : एका नावाचा इतिहास

‘जालियनवाला बाग हत्याकांड’ हे तीन शब्द शालेय वयापासून आम्ही एका दमात म्हणत आलो आहोत. त्यांच्या मागोमाग १३ एप्रिल १९१९ ही तारीख येते, जनरल डायर येतो, एक विहीर येते, आणि धडा संपतो. ज्या गोष्टीचे नाव इतके तोंडवळणी पडते, तिच्याकडे आपण पाहावयाचे थांबतो की काय, अशी शंका आम्हांला अलीकडे येऊ लागली आहे. म्हणून प्रस्तुत लेखात घटनेचा वृत्तान्त थोडक्यात आटोपून आम्ही तिच्या नावांकडे वळणार आहोत. साहित्याच्या अभ्यासकाला इतिहासात शिरण्याची तीच एक हक्काची वाट आहे.

आरंभ पहिल्याच शब्दापासून करू. पंजाबीत ही जागा ‘जल्हियांवाला बाग’ आहे. जल्हा नावाच्या गावाहून अमृतसरात आलेल्या एका घराण्याची ती जागा. जल्ह्याच्या लोकांची म्हणून जल्हियांवाला. त्या शब्दातला अनुस्वार केवळ नासिक्य आहे. रोमन लिपीत तो लिहिताना ‘एन’ हे अक्षर आले, आणि मराठीने नाव पंजाबीऐवजी इंग्रजी मजकुरातून उचलले असावे, कारण आपल्याकडे त्या अक्षराचा चांगला ठसठशीत ‘न’ झाला आहे. हिंदीत ‘जलियाँवाला’ म्हणताना तो स्वर नाकातच राहिला. म्हणजे या हत्येची आठवण आपल्यापर्यंत ज्या नावाने पोचली, ते नावच राज्यकर्त्यांच्या लिपीतून गाळून आलेले आहे. आम्ही शुद्धलेखनाचा आग्रह धरीत नाही. शंभर वर्षे रुळलेला शब्द आता मराठीचाच झाला. परंतु तो कोणत्या दाराने आत आला, हे ठाऊक असावे.

दुसरा शब्द ‘बाग’. १९१९ साली तेथे बाग म्हणावी असे काही उरले नव्हते. घरांच्या पाठभिंतींनी वेढलेले, उंचसखल, ओसाड मैदान. एक समाधी, एक विहीर, थोडीशी झाडे आणि आत-बाहेर करण्यास मोजक्या अरुंद वाटा. १० एप्रिलला डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल या नेत्यांना शहराबाहेर नेण्यात आले. त्यांच्या सुटकेची मागणी करणाऱ्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. चिडलेल्या जमावाने पाच युरोपीय माणसे मारली. १३ तारखेला बैसाखी होती. सभाबंदीची दवंडी त्या दिवशी सकाळी शहराच्या काही भागांतच फिरली. सायंकाळी मैदानात सभेसाठी आलेले लोक होते, तसेच हरमंदिर साहिबच्या दर्शनास आणि जत्रेस खेड्यापाड्यांतून आलेलेही होते. डायर नव्वद शिपाई घेऊन आला. त्यांपैकी पन्नास जणांजवळ बंदुका होत्या, उरलेल्या चाळीस गुरख्यांजवळ कुकऱ्या. इशारा न देता गोळीबार सुरू झाला. सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी झडल्या. सोबत आणलेल्या दोन चिलखती गाड्या बोळ अरुंद असल्यामुळे बाहेर राहिल्या. आत नेता आल्या असत्या तर त्यांवरील मशीनगनही बहुधा चालविल्या असत्या, असे डायरने पुढे चौकशी समितीसमोर सांगितले.

ही झाली हकीकत. आता तिला नाव कोणी कोणते दिले, ते पाहू.

सरकारने ऑक्टोबर १९१९ मध्ये नेमलेली समिती लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेमुळे हंटर समिती म्हणून ओळखली जाते. परंतु कागदोपत्री ती ‘उपद्रव’ चौकशी समिती होती. ‘उपद्रव’ या एका शब्दाने सारे काम केले. उपद्रव लोक करतात आणि शासन त्यांचा बंदोबस्त करते. मैदानात पडलेली माणसे अशा रीतीने चौकशी सुरू होण्याआधीच उपद्रवाचा भाग झाली. समितीतील हिंदी सभासदांनी, त्यांत मुंबईचे चिमणलाल सेटलवाड प्रमुख, डायरची कसून उलटतपासणी केली आणि आपला निराळा, अधिक कठोर अहवाल लिहिला. तरीही दोन्ही अहवाल त्याच ‘उपद्रवां’च्या शीर्षकाखाली बांधले गेले.

या शब्दाहून अधिक विचार करावयास लावते ते चर्चिल यांचे भाषण. जुलै १९२० मध्ये युद्धमंत्री या नात्याने कॉमन्स सभागृहात बोलताना त्यांनी डायरचा बचाव केला नाही; उलट घटनेला अघोर ठरविले. पण त्याच भाषणात त्यांचा सारा भर असा की, ही घटना साम्राज्याच्या इतिहासात एकाकी आहे, तिला मागे-पुढे जोड नाही. निषेध आणि सुटका एकाच वाक्यात कशी साधावी, याचा हा वस्तुपाठ होय. हत्येला अपवाद म्हटले की नियम निर्दोष ठरतो. त्याच महिन्यात लॉर्डांच्या सभागृहाने डायरला मिळालेल्या वागणुकीबद्दल खेद दर्शविणारा ठराव ८६ विरुद्ध १२९ मतांनी संमत केला, आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ने त्याच्यासाठी सव्वीस हजार पौंडांहून अधिक निधी जमविला. अपवादाला एवढे आश्रयदाते मिळाले, ही गोष्ट बोलकी आहे. पुढे २०१३ साली अमृतसरास आलेले पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी अभिप्रायवहीत लिहिताना चर्चिल यांच्याच शब्दाचा आधार घेतला. २०१९ साली थेरेसा मे यांनी कलंकाची भाषा वापरली. माफीचा शब्द दोघांनीही उच्चारला नाही.

आपल्या बाजूच्या नावांनीही काही गोष्टी झाकल्या आहेत, हे मात्र आम्ही सहसा बोलत नाही. १९१९-२० च्या राजकारणात काँग्रेस ‘पंजाबवरील अन्याया’विषयी बोलत असे. त्या नावात १४ एप्रिलला गुजरांवाला येथे विमानांतून टाकलेले बॉम्ब होते, लष्करी कायदा होता, चाबकाचे फटके होते. मिस शेरवूड या मिशनरी बाईंवर जेथे हल्ला झाला, त्या गल्लीतून हिंदी माणसाने सरपटत जावे असा डायरचा हुकूम होता. हळूहळू ‘पंजाब’ आकसून ‘बाग’ झाला. याला कारणे आहेत. चार भिंतींच्या आतली जागा स्मरणाला सोपी असते. ती विकत घेता येते, तीवर स्तंभ उभारता येतो. काँग्रेसने वर्गणी जमवून १९२० साली ती घेतलीही. शिवाय गुजरांवाला १९४७ नंतर सीमेपलीकडे गेले, आणि परक्या देशातल्या गावाचे स्मारक आपण कोठे बांधणार? परंतु परिणाम असा झाला की, दोन महिन्यांची आणि एका प्रांताची राजवट दहा मिनिटांत आणि एका मैदानात मावू लागली. एक क्रूर सेनाधिकारी, एक बंदिस्त मैदान. चर्चिल यांना हवा असलेला अपवाद आपल्याही पाठ्यपुस्तकाने नकळत मान्य केला, असे म्हटले तर ते फार कठोर होईल काय?

पंजाबी भाषेने या घटनेसाठी स्वतःचा शब्द वापरला : ‘साका’. नानकाना साहिबचा साका, पंजा साहिबचा साका, तसाच हा. कोशकार या शब्दाचा संबंध शाक म्हणजे संवत्सराशी जोडतात. आपल्या पंचांगातील ‘शके’ त्याच कुळातला. जिच्यापासून काळ मोजावा अशी बलिदानाची घटना म्हणजे साका. नानक सिंग हे पुढे मोठे कादंबरीकार झाले. त्या सायंकाळी ते सुमारे बावीस वर्षांचे होते आणि त्याच मैदानात बेशुद्ध होऊन पडले होते. १९२० साली त्यांनी दीर्घकाव्य लिहिले, ते सरकारने जप्त केले. त्याचे नाव ‘खूनी वैसाखी’. त्यात ना शहर आहे, ना बाग. सणाच्या दिवसालाच रक्त लागले आहे. हे नाव बाहेरच्या माणसाला सुचण्याजोगे नाही. ज्याच्या घरी दरवर्षी तो सण परत येणार आहे, त्याचे ते नाव आहे. आणि त्या वेळी सुमारे सात वर्षांचा असलेला अमृतसरचा एक मुलगा, सआदत हसन मंटो, याने आपल्या अगदी आरंभीच्या एका कथेला शीर्षक दिले ‘तमाशा’. गोळ्यांचे आवाज ऐकून विचारणाऱ्या लहानग्याला वडील काय सांगणार? शहरात तमाशा आहे, असे सांगतात. खोटे नाव दिल्याशिवाय ज्या गोष्टीशेजारी मुलाला झोपविता येत नाही, तिचे खरे नाव मंटोने वाचकावर सोपविले.

आता ‘हत्याकांड’. कांड म्हणजे ग्रंथाचे प्रकरण. बालकांड, अरण्यकांड, तसे हे हत्येचे प्रकरण. ‘कत्तल’ म्हटले की तलवार धरणारा हात दिसतो. ‘गोळीबार’ म्हटले की केवळ बंदूक दिसते, कोण पडले ते दिसत नाही. ‘हत्याकांड’ या शब्दात गुन्हा आहे, म्हणून तो आम्हांला योग्य वाटतो. मात्र प्रकरण म्हटले की त्याला शेवटही असतो, आणि पान उलटता येते.

स्मारकाने निवडलेला शब्द याहून वेगळा आहे : शहीद. मराठीत आपण हुतात्मा म्हणतो. ज्याने स्वतःची आहुती दिली तो. अमेरिकी वास्तुविशारद बेंजामिन पोल्क यांनी योजलेल्या ज्योतीच्या आकाराच्या स्तंभाचे उद्घाटन १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. बागेतील फलकावर सुमारे दोन हजार हिंदू, शीख आणि मुसलमान देशभक्तांच्या रक्ताचा उल्लेख आहे. १९९७ साली राणी एलिझाबेथ यांच्यासमवेत आलेल्या प्रिन्स फिलिप यांनी तो आकडा अतिशयोक्त आहे, असे म्हटले आणि संतापाची लाट उसळली. आकड्याचा वाद जुना आहे. सरकारी मोजणी ३७९ : त्यांत ३३७ पुरुष, ४१ मुलगे आणि सहा आठवड्यांचे एक मूल. काँग्रेसच्या समितीने सुमारे एक हजार हा अंदाज अवास्तव नसल्याचे म्हटले. आकडा कमी असल्याने गुन्हा लहान होत नाही, हे उघड आहे. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. त्या सहा आठवड्यांच्या मुलाला हुतात्मा म्हणावे काय? त्याने आहुती दिली नव्हती. त्याला मारण्यात आले. जत्रेला आलेल्या शेतकऱ्यालाही त्या दिवशी देशासाठी मरावयाचे नव्हते. त्याला संध्याकाळी घरी जावयाचे होते. हुतात्मा म्हणताना आपण त्यांना मोठा मान देतो, यात संशय नाही. पण त्या मानाबरोबर त्यांच्या मरणाला एक इच्छा चिकटवितो, आणि मारणाऱ्याची इच्छा तेवढी मागे सरते.

अशा वेळी आम्हांला काँग्रेस समितीच्या कामाचे मोल विशेष वाटते. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर तिच्यात मुकुंदराव जयकर होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, आणि आपल्यापैकी अनेकांनी ज्या ग्रंथालयात बसून टिपणे काढली ते त्यांच्याच नावाचे. या समितीने सतराशेवर साक्षी तपासल्या आणि साडेसहाशेच्या आसपास प्रसिद्ध केल्या. अहवालाचा मसुदा गांधींनी केला, आणि ज्या विधानाबद्दल किंचितही शंका होती ते त्यांनी बाहेर ठेवले. घटनेला जळजळीत नाव देण्यापेक्षा साक्षीदाराची नाव-गाव-ठिकाणासह जबानी छापणे त्यांना महत्त्वाचे वाटले. मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांना त्याच एप्रिलमध्ये हद्दपार करून इंग्लंडला पाठविण्यात आले, तेथे त्यांनी अमृतसरवर पुस्तक लिहिले. पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कल आज त्यांच्या नावाने आहे. हुतात्मा चौकातून तेथे पायी जाता येते. जाणाऱ्यांतील किती जणांना ते नाव अमृतसरपर्यंत नेते, हे सांगणे कठीण आहे.

२०२१ साली बागेचे नूतनीकरण झाले. डायर ज्या अरुंद बोळातून आत आला, त्याच्या भिंतींवर आता हसतमुख माणसांची शिल्पे आहेत. सायंकाळी ध्वनी-प्रकाशाचा खेळ चालतो. त्यावर इतिहासकारांनी आणि काही नातलगांनी आक्षेप घेतले. आम्हांला त्या वेळी मंटोच्या शीर्षकाची आठवण झाली, एवढेच सांगतो.

त्या साक्षींतली एक रतनदेवींची आहे. त्या बागेलगतच राहत. गोळ्यांचा आवाज ऐकून त्या धावल्या. प्रेतांच्या राशीत त्यांना पतीचे शव सापडले. ते घरी नेण्यास खाट हवी होती. पण रात्री आठनंतर बाहेर पडण्यास बंदी, कोणी येईना. एकाच्या मदतीने त्यांनी शव कोरड्या जागी हलविले आणि कुत्री हाकलण्यासाठी हाती बांबू घेऊन रात्रभर तेथेच बसल्या. जवळच जखमी होऊन पडलेल्या सुमारे बारा वर्षांच्या एका मुलाने त्यांना सोडून जाऊ नका म्हणून विनविले. सकाळी खाट आली. या जबानीत उपद्रव नाही, साका नाही, हुतात्मा नाही. पती, मुलगा, खाट, बांबू, कुत्री, एवढीच नामे आहेत.

वर्गात हा धडा शिकविताना त्या तीन शब्दांच्या आधी ही जबानी वाचून दाखवावी, असे आम्हांला वाटते. नाव मग विद्यार्थ्यांनी द्यावे.