दोन ब्रासची खेप



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या प्रवर्तक सभासदांची, आर्किटेक्टची, काँट्रॅक्टरची आठवण निघेलच. मला आठवण काढायची आहे ती बांधकामाचा माल आणणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांची. त्यातले एक माझे बाबा. आम्ही इथे राहायला नंतर आलो, पण बाबा पाया खणला तेव्हापासून या जागेवर येत होते.

त्या काळी चेंबूरला खडी यायची तुर्भ्याच्या खाणींतून, वाशीचा खाडीपूल ओलांडून. लोखंड कळंबोलीहून, विटा भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवरून आणि रेती मुंब्र्याच्या रेतीबंदरावरून. तिथे माणसं खाडीत डुबी मारून बादलीने रेती काढत. बाबा रात्रीच गाडी भरून घेत, मुलुंडच्या जकात नाक्यावर रांग लावत आणि सकाळची गर्दी व्हायच्या आत चेंबूर गाठत. पैसे खेपेवर मिळायचे. रांगेत अडकलं की दुसरी खेप बुडाली.

रेती मोजायची ब्रासवर. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजन साधारण साडेचार टन. बाबांच्या गाडीत 2 ब्रास मावायची. हौद्याची लांबी, रुंदी आणि आतल्या मालाची उंची घेऊन माप काढत. घोळ इथेच व्हायचा. ओलसर रेती फुगलेली असते, रस्त्यातल्या हादऱ्यांनी ती खाली बसते. बंदरावर पुरेपूर भरलेली गाडी साइटवर कमी भरायची. मग ठरलेला प्रश्न, "वाटेत कुठे उतरवलीस?"

आपल्याच साइटवर एकदा बाबांवर हा आळ आला आणि खेपेचे पैसे कापले गेले. बाबा भांडले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी मुकादमासमोर एक बादली ओलसर रेतीने काठोकाठ भरली आणि जमिनीवर दहा-बारा वेळा आपटली. रेती चांगली चार बोटं खाली गेली. मुकादम काही बोलला नाही. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत, पण पुन्हा तो प्रश्न कुणी विचारला नाही. बाबा म्हणतात, "पैशाचं काय एवढं, चोर म्हणाले ते लागलं."

2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या रेती उपशाला स्थगिती दिली, आणि पुढे दगड भरडून केलेली क्रश सँड सगळीकडे रुळली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली. आता चेंबूरभर पुनर्विकासाची कामं चालू आहेत, तयार काँक्रीटचे मिक्सर रात्रभर फिरतात. आत ड्रायव्हर तसाच जागा असतो.

आपल्याकडेही मोठी दुरुस्ती कधीतरी निघेल, मालाच्या गाड्या गेटवर लागतील. तेव्हा वॉचमनला एवढं सांगून ठेवू या: ड्रायव्हर-क्लीनरला प्यायला पाणी द्यायचं आणि खालचं टॉयलेट वापरू द्यायचं. आणि माप कमी भरलं, तर आळ घेण्याआधी ती बादली आठवू या.