देशाटन : काझीचे आणि विद्यार्थ्याचे

देशाटनाने माणसाच्या अंगी चातुर्य येते, हे आपण शाळेत पाठ केले आहे. कोकणातील आपल्या गावांनी तर देशाटन भरपूर केले. आधी आपली माणसे जहाजांवर खलाशी म्हणून गेली, १९७० नंतर आखाती देशांत गेली. पण परदेश पाहून आपण किती शहाणे झालो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. इतिहासातील दोन थोर मुसलमान प्रवाशांच्या आधारे तो विचारून पाहू.

पहिला इब्न बतूता. मोरोक्कोतील तांजिरहून १३२५ साली, एकविसाव्या वर्षी, तो हजला निघाला आणि जवळजवळ पाव शतक फिरत राहिला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाने त्याला काझी नेमले. आपण मालिकी, इथले लोक हनफी, शिवाय आपल्याला इथली भाषा येत नाही, असे त्याने सांगितले. सुलतानाने हाताखाली दोन मदतनीस दिले आणि काझीपद चालू राहिले. पुढे मालदीव बेटांवरही तो काझी झाला. तिथल्या स्त्रिया कमरेवर वस्त्र घेत नसत. त्याने हुकूम काढला, पण तो कोणी जुमानला नाही. ही माणसे सुमारे दोनशे वर्षांपासून मुसलमान होती. तरीही जे आपल्या गावासारखे नाही ते चूक, असाच त्याचा निवाडा होता.

पण त्याच्यावर अन्याय नको. नंदुरबारला त्याने मराठ्यांचा सात्त्विक आहार आणि जेवणापूर्वीची त्यांची स्वच्छता आवर्जून नोंदवली. होनावरला मुलींच्या तेरा शाळा पाहिल्या आणि असे आपण अन्यत्र पाहिले नाही, असे प्रांजळपणे सांगितले. आफ्रिकेतील माली राज्यात स्त्रीपुरुषांची मोकळी मैत्री पाहून तो संतापला, पण तिथला न्याय आणि वाटसरूंची सुरक्षितता यांची त्याने तारीफही केली. डोळे उघडे होते. फक्त खुर्ची काझीची होती.

दुसरा अल्बेरूनी. त्याचा प्रवास इब्न बतूताच्या मानाने कितीतरी लहान. ९७३ साली ख्वारिज्ममध्ये जन्मलेल्या या विद्वानाला १०१७ साली गझनीला आणण्यात आले. भारतात तो पंजाबच्या परिसरापलीकडे फारसा गेला नाही. पण चाळिशी उलटल्यावर तो संस्कृत शिकू लागला. इथल्या ज्योतिषशास्त्र्यांसमोर आपण आधी शिष्य म्हणून बसलो, असे तो सांगतो. पतंजलीचा योगग्रंथ त्याने अरबीत नेला आणि १०३० च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ पूर्ण केला. ज्या महमूदच्या स्वाऱ्यांमुळे त्याला भारताची दारे उघडली, त्याच स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली, हेही त्याने लिहून ठेवले.

इथल्या पंडितांवर त्याने टीकाही केली. आपल्याबाहेर विद्या नाही असे ते मानतात, ते परदेशी गेले आणि इतरांत मिसळले तर त्यांचे मत बदलेल, असे त्याचे म्हणणे होते. यात ‘मिसळले’ हा शब्द महत्त्वाचा. नुसते ‘गेले’ म्हणून त्याचे भागले नाही.

आता आपल्याकडे वळू. आखातातून परतताना आपल्यातील काहींनी तिथला पोशाख आणला आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांना, गावच्या उरुसाला नावे ठेवायला सुरुवात केली. हा काझीचा प्रवास. काहींनी मात्र एकाच खोलीत राहणाऱ्या मल्याळी, मिसरी, बंगाली सोबत्यांची भाषा शिकून घेतली, त्यांची सुखदुःखे ऐकली आणि गावी परतल्यावर शेजारच्या वाडीकडेही नव्या नजरेने पाहिले. हा विद्यार्थ्याचा प्रवास.

पासपोर्टवर शिक्के किती, यावरून माणसाचे सुसंस्कृतपण ठरत नाही. ज्याला शिकायचे आहे त्याला पंजाबही पुरतो. ज्याला फक्त निवाडा द्यायचा आहे त्याला अर्धे जगही पुरत नाही. आपली पुढची पिढी आता आणखी दूर जाणार आहे. तिच्या सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर एवढी एक गोष्ट आपण बांधून द्यायला हवी.