नदीकाठची सपाट वाट

पुण्यात मुठेकाठचे ओंकारेश्वर हे पेशवाईतले देऊळ. घाटाच्या पायऱ्या नदीत उतरत. तिथे जायचे ते स्नानाला, अंत्यविधीला. नदीच्या कडेने नुसते चालावे, ही कल्पना पुढची. एकोणिसाव्या शतकात जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला, तो पाण्याच्या सोयीसाठी. पण काठी बाग आली आणि बंडावर ‘हवा खायला’ जाण्याची रीत रुळली.

आरोग्याचा इतिहास आपण इस्पितळांतच शोधतो. गुडघे धरलेल्या, चार पावलांत धाप लागणाऱ्या माणसाला मात्र सपाट वाट हवी, विसाव्याला बाक हवा. २०२२ साली नदीकाठ सुधारणेची पायाभरणी झाली. त्या आराखड्याची खरी परीक्षा हाच माणूस घेईल.