शब्दवेध : बीसीएल११ए

‘बीसीएल’ ही अक्षरे बी-पेशींच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची. हे जनुक त्या रोगात सापडले आणि तेच नाव चिकटले. मला हा अन्याय वाटतो. कारण त्याचे मोठे काम २००८ साली उलगडले. त्याचे प्रथिन जन्मानंतर गर्भातल्या हिमोग्लोबिनचे जनुक गप्प करते. ते हिमोग्लोबिन भरपूर टिकले, तर सिकलसेल या रक्तविकाराच्या रुग्णाच्या लाल पेशी सहजी विळ्यासारख्या वाकत नाहीत. नागपूरकरांनी हे जाणायलाच हवे. शुक्ला आणि सोळंकी यांनी इथल्या सिकलसेलची नोंद १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली; विदर्भातली कितीतरी घरे ते दुखणे आजही सोसतात. २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेला ‘कॅसजेव्ही’ उपचार मूळपेशींत बदल करून, त्यांच्यापासून बनणाऱ्या लाल पेशींत याच जनुकाचा जोर कमी करतो. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर होती! नागपूरच्या ‘मेडिकल’ या सरकारी रुग्णालयाच्या रांगेतल्या पोरापर्यंत तो पोहोचणार कधी?