वॉलपेपर स्लाइडशो लावल्यापासून लॅपटॉप अडकतोय? कारण आणि उपाय

फोनमधले सगळे फोटो लॅपटॉपवर कॉपी केले आणि तोच फोल्डर डेस्कटॉपच्या स्लाइडशोला लावला. पहिले दोन दिवस मजा वाटली. नंतर मात्र दर थोड्या वेळाने माऊस अडखळतो, स्टार्ट मेनू उशिरा उघडतो, ऑनलाइन लेक्चरमध्ये आवाज तुटतो. तुमचंही असंच होतंय का? मग लॅपटॉप फॉरमॅट करायच्या आधी हे वाचा. विंडोज १० आणि विंडोज ११ दोन्हींसाठी हे उपाय चालतात.

आधी खात्री करा

१. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग बॅकग्राउंड उघडा आणि 'स्लाइडशो'च्या जागी 'पिक्चर' निवडा. तासभर नेहमीसारखं काम करा. अडकणं थांबलं, तर दोष स्लाइडशोचाच. नाही थांबलं, तर कारण दुसरीकडे शोधा.

२. स्लाइडशो परत लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. आता डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'नेक्स्ट डेस्कटॉप बॅकग्राउंड' दाबा. त्याच क्षणी 'विंडोज एक्सप्लोरर'समोरचा सीपीयू, मेमरी किंवा डिस्कचा आकडा एकदम वर गेला, तर चोर सापडला.

आणखी एक खूण आहे. लॅपटॉप फक्त चार्जर लावल्यावरच अडकतो का? बॅटरीवर स्लाइडशो चालू ठेवण्याचा पर्याय बंद असेल, तर बॅटरीवर फोटो बदलतच नाहीत. त्यामुळे त्रासही फक्त चार्जिंगच्या वेळी होतो.

असं का होतं?

फोटोची फाइल ३-४ एमबीची दिसते, पण ती दाबून लहान केलेली असते. स्क्रीनवर दाखवण्यासाठी ती उलगडावी लागते. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० × ३००० पिक्सेल. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर पूर्ण उलगडलेला फोटो सुमारे ४८ एमबी होतो. ५० मेगापिक्सेलचा असेल तर सुमारे २०० एमबी! तुमची स्क्रीन १९२० × १०८० असेल, तर तिला लागतात जेमतेम ८ एमबी. बाकीची मेहनत फुकट. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपला ती चांगलीच जाणवते.

दुसरं कारण म्हणजे फोटोंची संख्या. फोल्डरमध्ये हजारो फाइल्स असतील, तर त्यांची यादी करायलाच वेळ लागतो. शिवाय फोल्डर वनड्राइव्हवर असेल आणि फाइलवर ढगाचं चिन्ह दिसत असेल, तर तो फोटो अजून लॅपटॉपवर आलेलाच नाही. तो दाखवायचा तर आधी डाउनलोड करावा लागणार, म्हणजे इंटरनेटही खर्च होणार.

उपाय: वेगळा, छोटा फोल्डर

१. लॅपटॉपच्याच ड्राइव्हवर 'वॉलपेपर' नावाचा नवा फोल्डर करा. एसएसडी असेल तर त्यावरच करा. पेनड्राइव्ह नको.

२. आवडीचे ३०-४० फोटो निवडून त्यात कॉपी करा. 'कट' करू नका.

३. मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉइज इन्स्टॉल करा. या फोल्डरमधले सगळे फोटो निवडा, राइट क्लिक करा आणि 'इमेज रिसायझर'मध्ये तुमच्या स्क्रीनचा आकार द्या.

४. लहान झालेल्या प्रती त्याच फोल्डरमध्ये तयार होतात. आता तिथल्या मोठ्या प्रती काढून टाका.

५. स्लाइडशोला हाच फोल्डर द्या आणि फोटो बदलण्याची वेळ १ मिनिटाऐवजी ३० मिनिटं किंवा १ तास ठेवा.

सांभाळा: इमेज रिसायझरमध्ये मूळ फोटोच लहान करण्याचाही पर्याय असतो. त्यावर टिक करू नका. आजीसोबतचा फोटो एकदा १९२० पिक्सेलचा झाला, की पुढे मोठी प्रिंट काढताना तो धूसर येईल. गेलेले पिक्सेल परत मिळत नाहीत.

फायदा फक्त वेगाचा नाही

फोनच्या फोल्डरमध्ये आधार कार्डचा फोटो, पेमेंटचे स्क्रीनशॉट, घरातले खासगी क्षण असं सगळं असतं. प्रेझेंटेशनसाठी स्क्रीन शेअर केली आणि नेमकं तेच मागे झळकलं तर? वेगळा फोल्डर असेल, तर तुम्ही निवडलेलेच फोटो दिसतात.

इतकं करूनही लॅपटॉप अडकत असेल, तर स्लाइडशो बंद करून एकच वॉलपेपर ठेवा. तो बदलावासा वाटला, तर फोटोवर राइट क्लिक करून 'सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राउंड' म्हणा. दोन सेकंदांचं काम आहे.